ऑइल बदलल्यापासून ड्रेन बोल्टमधून गळतंय, घट्ट करूनही थांबत नाही. काय करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी स्प्लेंडर, ऑइल बदलून चार दिवस झाले, रोज सकाळी खाली रुपयाएवढा डाग दिसतो. गॅरेजवाल्याने दोनदा बोल्ट आवळून दिला तरी थेंब पडतोच. आता अजून आवळायचा की एम-सील लावून मोकळं व्हायचं?

दोन्ही नको. आधी पाना बाजूला ठेवा. ड्रेन बोल्ट म्हणजे जुनं ऑइल काढण्यासाठी इंजिनाच्या तळाला असलेला बोल्ट. त्याचे आटे, म्हणजे त्यावरच्या गोल फिरत जाणाऱ्या खाचा, ऑइल अडवत नाहीत, ते बोल्टला फक्त धरून ठेवतात. ऑइल अडवतो तो बोल्टच्या डोक्याखालचा वॉशर. तो चेपून बोल्ट आणि चेंबर (इंजिनाचा ऑइल साठणारा खालचा भाग) यांच्यातली बारीक फट भरतो. एकदा चेपलेला वॉशर पुन्हा तसा भरत नाही, मग बोल्ट कितीही आवळा. जास्तीचा सगळा जोर जातो आट्यांवर, आणि बोल्ट पोलादी, चेंबर अॅल्युमिनियमचा. या झटापटीत कोण हरतं ते सांगायला नको.

घाबरण्यासारखं किती आहे तेही बघू. साधारण 20 थेंब म्हणजे 1 मिली. रात्रभरात दहा थेंब पडले तर महिन्याला 15 मिली, म्हणजे इंजिन कोरडं पडायला बराच अवकाश आहे. पण बोल्ट बोटाने हलत असेल, थेंबाची धार झाली असेल किंवा ऑइल मागच्या टायरपर्यंत उडत असेल, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, ढकलत न्या.

बोल्ट खोलण्याआधी गळती नक्की तिथलीच आहे का ते बघा. बोल्ट इंजिनाच्या सगळ्यात खाली असतो, त्यामुळे वरून कुठूनही ओघळलेलं ऑइल शेवटी त्याच्याच टोकाला लटकतं. गिअर शाफ्टचं ऑइल सील, पुढच्या स्प्रॉकेटमागचं सील, क्लच कव्हरचं पॅकिंग, यातलं काहीही गळत असलं तरी दोष ड्रेन बोल्टवर येतो. ऑइल भरताना नरसाळ्याबाहेर सांडलेलंही दोन-तीन दिवस ठिबकत राहतं. इंजिन गार असताना खालचा भाग रॉकेल किंवा डिझेलने ब्रशने धुवा, कोरडा पुसा आणि त्यावर अंगाला लावायची टाल्कम पावडर भुरभुरा. गाडी उभ्या जागी दहा मिनिटं चालू ठेवा. रस्त्यावर नेऊ नका, वाऱ्याने ऑइल मागे पसरतं आणि काहीच कळत नाही. पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ कुठून सुरू होते ते स्पष्ट दिसेल. रेघ वरून आली तर बोल्टला हातही लावू नका. बोल्टभोवती गोल ओलावा आला तर वॉशर किंवा आटे. आणि बोल्टपासून बाजूला केसासारखी तिरपी रेघ उमटली तर चेंबरला तडा गेलाय. तो आर्गन वेल्डिंगवाल्याकडेच जातो.

वॉशरच असेल असं धरून पुढचं सांगतो, कारण बहुतेक वेळा तोच असतो.

स्पेअर पार्ट्सच्या दुकानातून गाडीचं मॉडेल सांगून 12 एमएमचा ड्रेन वॉशर घ्या. दहा-वीस रुपयांची वस्तू आहे, दोन घेऊन ठेवा. अॅल्युमिनियमचा मिळाला तर उत्तम, तांब्याचाही चालतो. तांब्याचा जुना वॉशर वापरायची वेळच आली तर गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवून गार करायचा, म्हणजे तो पुन्हा मऊ होतो. अॅल्युमिनियमवर हा प्रयोग करू नका, लाल व्हायच्या आधीच ते वितळतं.

इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून कोमट करा, गाडी मेन स्टँडवर घ्या आणि खाली स्वच्छ, कोरडा ट्रे ठेवा. ऑइल चार दिवसांचंच आहे, ते बारीक जाळीतून गाळून परत भरता येईल. बोल्टला 17 नंबरची गोटी (सॉकेट) किंवा रिंग पाना लावा. फिक्स (उघड्या तोंडाच्या) पान्याने डोक्याचे कोपरे गोल होतात. एक चूक इथे हमखास होते: गाडीच्या बाजूला बसून वरून हात घातला की दिशा उलटी वाटते आणि माणूस सोडवण्याऐवजी आवळत बसतो. खालून बोल्टच्या डोक्याकडे बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेने तो सुटला पाहिजे.

बोल्ट निघाला की तो हातात घेऊन उजेडात नीट बघा. आट्यांच्या खाचेत चंदेरी तार गुंडाळल्यासारखं काही दिसतंय का? ती तार म्हणजे तुमच्या चेंबरचे आटे, आवळून आवळून बाहेर आलेले. ती असेल तर नवा वॉशर टाकून उपयोग नाही. नसेल तर बोट चेंबरच्या तोंडावरून फिरवा. जुना वॉशर कित्येकदा बोल्टबरोबर न येता तिथेच चिकटून राहतो, ऑइलने काळा पडल्यामुळे चेंबरचाच भाग वाटतो, आणि त्यावर दुसरा चढवला जातो. कडेला नख लावून बघा. नख अडकलं तर वॉशर आहे, प्लास्टिकच्या पट्टीने किंवा लाकडी चमच्याच्या दांड्याने उचकटा. स्क्रूड्रायव्हर वापरला तर चेंबरच्या तोंडावर ओरखडा पडतो आणि मग त्या ओरखड्यातून आयुष्यभर ऑइल येतं.

आता वॉशर न घालता बोल्ट बोटांनी आत फिरवा. तो शेवटपर्यंत सहज गेला पाहिजे आणि आत गेल्यावर डुगडुगता कामा नये. दोन-तीन फेऱ्यांनंतर अडला तर जोर करू नका, बोल्टच चुकीचा असण्याची शक्यता मोठी आहे. मूळ बोल्टचं पिच, म्हणजे दोन शेजारच्या आट्यांमधलं अंतर, 1.5 मिमी असतं, हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या 12 एमएम बोल्टचं 1.75. दिसायला दोन्ही सारखेच. दहा आट्यांची लांबी पट्टीवर मोजा: 15 मिमी भरली तर बरोबर, साडेसतरा भरली तर तो बोल्ट लगेच फेकून द्या. गॅरेजमध्ये मूळ बोल्ट हरवला की असाच एखादा डब्यातून काढून लावला जातो आणि तिथून पुढच्या सगळ्या रडकथा सुरू होतात.

सगळं ठीक असेल तर दोन्ही तोंडं कोरड्या फडक्याने पुसा, नवा वॉशर घाला आणि बोल्ट टेकेपर्यंत हातानेच फिरवा. पुढे पान्याने पाव ते अर्धा फेरा. वॉशर चेपताना हाताला किंचित मऊ लागतं, मग एकदम कडक होतं. तिथे थांबा. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) असेल तर सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा घ्या. या मापाच्या बोल्टला तो साधारण 20 ते 30 न्यूटन-मीटर असतो. 25 न्यूटन-मीटर म्हणजे 20 सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाला बारा-तेरा किलोचा ओढा, बारा लिटर पाण्याची बादली उचलताना हाताला लागतो तेवढा. पान्यात पाइप घालून झोंबायची गरज कुठेच नाही.

ऑइल भरून पातळी बघा. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागेवर, आणि डिपस्टिक पिळून न बसवता नुसती टेकवून. पातळी वरच्या खुणेच्या पुढे जाऊ देऊ नका. जास्त भरलं तर ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, ऑइल बाहेर येतं आणि तुम्ही पुन्हा ड्रेन बोल्टवर संशय घ्याल.

एम-सीलबद्दल. ऑइल लागलेल्या धातूवर ते धरत नाही. धरलंच तर पुढच्या वेळी बोल्ट खोलताना छिन्नी लागते. आट्यांना टेफ्लॉन टेपही गुंडाळू नका. टेपमुळे आटे निसरडे होतात, बोल्ट नकळत जास्त आवळला जातो, आणि टेपचे तुकडे सुटून ऑइलच्या वाटेत अडकू शकतात. चेंबरच्या तोंडावर बारीक ओरखडा असेल आणि गावाला जायचंच असेल, तर वॉशरच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉन सीलंटचा पातळ हात चालेल, अर्थात तात्पुरता.

आटे गेलेच असतील तर दोन रस्ते. एक, पुढच्या मापाचे आटे पाडून 14 एमएमचा, दीड पिचचा बोल्ट बसवणे. त्यासाठी भोक साडेबारा मिमी करावं लागतं. काम स्वस्त आहे, पण चेंबरची भिंत तिथे तेवढी जाड आहे का ते आधी बघायला हवं, आणि पुढच्या वेळी आटे गेले तर आणखी मोठं करायला जागा उरत नाही. दुसरा, हेलिकॉइल: चेंबरमध्ये पोलादी तारेचे नवे आटे बसवायचे आणि मूळ मापाचाच बोल्ट लावायचा. मी हेलिकॉइलच सुचवेन. पोलादी आटे मूळ अॅल्युमिनियमपेक्षा जास्त टिकतात आणि बोल्ट, वॉशर बाजारात मिळणारेच राहतात.

कोणताही रस्ता घेतला तरी टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) काटकोनातच शिरला पाहिजे. तो तिरका गेला तर बोल्टचं डोकं एका बाजूलाच टेकतं आणि नव्या आट्यांवरही गळती चालूच राहते. टॅपच्या खाचांत ग्रीस भरून अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असं चालवायला सांगा, म्हणजे कीस ग्रीसमध्येच अडकतो. काम झाल्यावर वरून कपभर ऑइल ओतून खालून वाहू द्यायचं, कणी येणं थांबेपर्यंत. लेथवाला हे करायला कुरकुरेल, पण तुम्ही शेजारी उभं राहून करून घ्या.