फुकटचा सल्ला, विकतचा सल्ला

प्रश्न : आमची देवगड तालुक्यात हापूसची दीडशे कलमं आहेत. वर्षाचा पैसा एप्रिल-मेमध्येच येतो. दलालाची पट्टी (विक्रीचा हिशेब) आली की थोडे पतपेढीत, थोडं सोनं, उरलेले बँकेत. तीन वर्षांपूर्वी बँकेतल्याच माणसाने ‘एफडीसारखंच आहे’ म्हणून वर्षाला लाखाचा हप्ता असलेली विमा पॉलिसी दिली. दोन हप्ते भरले. यंदा मोहर गळला, तिसरा राहिला. मुलगी म्हणते, पंधरा हजार फी घेणाऱ्या सल्लागाराकडे जा. दीर म्हणतात, ‘फुकट मेळता, मगे पैसे कित्याक घालूचे?’
— एक बागायतदार वाचक

उत्तर : वहिनी, मी बत्तीस वर्षं बँकेत होते. मार्च जवळ आला की पॉलिस्या खपवायचं टार्गेट आम्हालाही असायचं. तेव्हा भावजींना सांगा, त्या माणसाचं कमिशन तुमच्या हप्त्यातूनच गेलंय, फक्त पावती मिळाली नाही.

मुलीचं ऐका, पण आधी त्या सल्लागाराचा सेबीचा, म्हणजे शेअर बाजार आणि गुंतवणुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नोंदणी क्रमांक विचारा. ‘आयएनए’ने सुरू होतो, सेबीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. २०१३ पासून यासाठी वेगळे नियम आहेत : तुमच्याकडून सल्ल्याची फी घेतली, तर तुमच्याच गुंतवणुकीवर कमिशन घेता येत नाही. ‘एआरएन’ क्रमांक सांगितला, तर तो म्युच्युअल फंडाचा वितरक. माणूस वाईट असेल असं नाही, पण त्याची कमाई फंडाकडून येते. त्याच फंडाचा डायरेक्ट प्लॅन, म्हणजे मध्ये वितरक न ठेवता थेट फंडाकडून, घेतला तर ते कमिशन वाचतं. समजा टक्क्याचा फरक पडला, तर दहा लाखांवर वर्षाला दहा हजार. आता सल्लागाराचे पंधरा हजार त्याच्याशी ताडून बघा. पैसे मात्र सल्लागाराच्या खात्यात कधीही भरू नका, फी सोडून.

पॉलिसीचं काय? रागाने मोडू नका. चालू ठेवली तर काय, हप्ते थांबवले तर काय, आज सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच बंद करून पैसे मागितले, तर किती, हे कंपनीकडून लेखी मागवा आणि तो कागद सल्लागाराला दाखवा.

पतपेढीचं तेवढं लगेच बघा. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतपेढीतल्या ठेवीला ते संरक्षण नाही. पुढच्या हंगामाची फवारणी, खत, गुरख्यांचा पगार आणि घरचा वर्षाचा खर्च, एवढी रक्कम बँकेच्या एफडीतच हवी. मोहर गळलेल्या वर्षी सोनं गहाण टाकायची वेळ येते ती हे बाजूला नसल्यामुळे. आमच्या काउंटरवर जून-जुलैत अशी रांग मी पाहिली आहे.

पहिल्या भेटीला मागच्या पाच हंगामांच्या पट्ट्या न्या. त्या न बघताच ‘दरमहा दहा हजारांची एसआयपी करा’ म्हणाला, तर चहा घ्या आणि उठा. दरमहा पैसे नोकरदाराकडे येतात, आंबेवाल्याकडे नाही.