सासर जर्मनीत, पण व्हिसाचं काय?

प्रश्न : ताई, मी जळगावची. नवरा जर्मन आहे, लग्न इथेच स्पेशल मॅरेज ॲक्टखाली रजिस्टर केलं. आता तिकडे राहायला जायचंय. मामा म्हणतात आधी टुरिस्ट व्हिसावर जा, मग तिथेच बघू. आई म्हणते पासपोर्ट सोडावा लागेल. काय खरं?

उत्तर : बाळा, मामांचं नको ऐकू. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या, टुरिस्ट व्हिसावर ९० दिवस मिळतात आणि तिथे गेल्यावर तो बदलून मिळेल असं धरून चालायचं नाही, परत यावं लागलं तर पैसा आणि जीव दोन्ही जातात. इथूनच फॅमिली रियुनियनचा, म्हणजे नवऱ्याकडे राहायला जाण्याचा, नॅशनल व्हिसा कर, त्याला वेळ लागतो, लागू दे. त्यासाठी साधारण ए१ पातळीचं जर्मन लागतं, म्हणजे ओळख, पत्ता, बाजारहाट इतकं बोलता आलं पाहिजे. पुण्याला मॅक्स म्युलर भवन या जर्मन शिकवणाऱ्या संस्थेत परीक्षा होते, क्लास ऑनलाइन पण चालतो, आजच सुरू कर. आणि सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना ते बघ, आपल्याकडे दाखल्यावर एक न पासपोर्टवर दुसरं असतं, तिथेच फाइल अडकते.

तिकडे पोचल्यावर पत्ता नोंदवायचा, मग रेसिडेन्स परमिट, त्यावर नोकरीही करता येते.

आईला सांग, नुसतं राहायला पासपोर्ट सोडावा लागत नाही. जर्मन नागरिकत्व घेतलंस तरच भारताचं जातं, कारण जर्मनी २०२४ पासून दोन्ही चालवून घेते पण आपला कायदा नाही. तसं झालंच तर ओसीआय कार्ड काढता येतं, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या आपल्या माणसांना भारतात येण्या-राहण्यासाठी मिळणारं कार्ड. त्याची घाई आत्ता अजिबात नको गं.