दगडाचा कस

सप्रेम नमस्कार.

तुम्ही लिहिलंय, ‘कोल्हापूरच्या गुजरीत आमचं तीन पिढ्यांचं सोन्याचं दुकान. लेक जिऑलॉजी घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विद्यापीठात खनिजशास्त्र शिकवायचं, संशोधन करायचं म्हणते. दगडांवर पोट भरेल का, की बँकेच्या परीक्षेला बसवू?’

बँकेची परीक्षा तिच्यावर लादू नका, हे आधी सांगते. तिचं काम तुम्हाला वाटतं तेवढं परकं नाही. तुम्ही कसोटीवर सोनं घासून कस बघता, ती चकाकी नसलेल्या चिनी मातीच्या पट्टीवर खनिज घासून रेघ बघते. पायराइट दिसतं सोन्यासारखं, पण रेघ उमटते हिरवट काळी. हेमॅटाइट काळं करडं, त्याची रेघ तांबडी. पुढे दगडाची चकती घासून ०.०३ मिलिमीटर इतकी पातळ करायची. मग तिच्यातून उजेड आरपार जातो, आणि मायक्रोस्कोपखाली एकेक कण ओळखत बसायचं. रोजचं काम हे, रंगीत स्फटिक जमवण्याचं नव्हे.

विषय तर आपल्या उशाशी आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बसाल्ट. पावसानं त्यातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं. मसाई पठारावरचा जांभा, राधानगरीकडचं बॉक्साइट त्यातूनच झालं. एखाद्या रविवारी लेकीबरोबर मसाईवर जा आणि ती काय दाखवते ते बघा.

आता पोटाचं. एम.एस्सी.ला दोन वर्षं, पीएच.डी.ला पाचेक धरा. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये मिळतात, दोन वर्षांनी ४२,०००. खरी अडचण त्यानंतर येते. कायम जागा मोजक्या, भरती रखडते, तोवर अनेक जण तासिका तत्त्वावर शिकवतात. तिशी ओलांडलेली हुशार मुलं या टप्प्यावर खचलेली मी पाहिली आहेत, म्हणून हे तिला आत्ताच स्पष्ट सांगा.

माझं मत असं: एम.एस्सी. करू द्या. जॅम या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेतून आयआयटी मुंबईचाही रस्ता आहे. पीएच.डी.चं मात्र डिझर्टेशननंतर, म्हणजे एम.एस्सी.च्या प्रबंधानंतर ठरवा. काही महिने त्याच चकत्या बघूनही तिचं कुतूहल टिकलं, तर अडवू नका. एम.एस्सी.नंतर यूपीएससीची भूवैज्ञानिकांची परीक्षाही द्यावी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातही खडक-खनिजांचंच काम असतं.

जॅम फेब्रुवारीत असते, अर्ज त्याआधीच्या सप्टेंबरच्या सुमारास निघतात. आणि पुढचं पत्र तिलाच लिहायला सांगा.