गाठीच्या पेशी लॅबमधे वाढवतात, म्हणजे कॅन्सर का?

प्रश्न: माझ्या मावशीच्या पिट्युटरीच्या (मेंदूखालची हार्मोन बनवणारी ग्रंथी) गाठीचं मागच्या महिन्यात नाकातून ऑपरेशन झालं. ग्रोथ हार्मोन वाढलेलं, बांगड्या हातात जाईनात, चपलेचा नंबरपण वाढला. ऑपरेशनआधी गाठीचा तुकडा संशोधनाला द्यायच्या फॉर्मवर तिची सही घेतली. आता भाऊ म्हणतो की त्या पेशी लॅबमधे वर्षानुवर्षं वाढवतात, म्हणजे कॅन्सरच असणार. मावशीचं जेवणावरचं लक्षच उडालंय. आणि उंदरांच्या पेशी असताना माणसाच्या कशाला लागतात? – एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर: आधी मावशींना सांगा, पोटभर जेवा. पिट्युटरीच्या जवळपास सगळ्या गाठी साध्या असतात, कॅन्सर अगदीच क्वचित. भावाचं गणित तर पार उलटं आहे, कारण या गाठीच्या पेशी लॅबमधे वाढतच नाहीत हीच संशोधकांची रड आहे. डिशमधे काही दिवस-आठवडे जगतात, हार्मोनपण सोडतात, पण वाढायचं नाव नाही, आणि सोबत आलेले फायब्रोब्लास्ट, म्हणजे आधार देणाऱ्या साध्या पेशी, मात्र ज्वारीत तण माजावं तसे माजतात, मग बघावं तर सगळी डिश त्यांचीच. १९५१ पासून वाढत असलेली हेला सेल लाईन (लॅबमधे कायम वाढत राहणाऱ्या पेशींचा वंश) भावाने ऐकली असेल, पण ती गर्भाशयाच्या तोंडाच्या आक्रमक कॅन्सरची.

मग सेल लाईन करायची तर पेशीला जबरदस्तीनं वाढवावं लागतं. एसव्ही ४० व्हायरसचा एक जीन आत घालतात, तो पी ५३ आणि आरबी ही वाढ रोखणारी प्रोटीन्स निकामी करतो. एचपी ७५ ही माणसाच्या पिट्युटरी गाठीची लाईन १९९८ मधे अशीच आली. पण भराभर वाढायला लागलेली पेशी आपलं मूळ काम सोडत जाते, एचपी ७५ मधेही पिट्युटरीचे थोडेच गुण टिकले, आणि हार्मोनचा अभ्यास करायला घेतलेली पेशी हार्मोनच धड बनवत नसेल तर ती नुसती जिवंत ठेवून काय उपयोग? मला तरी नुसत्या वाढीपेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं. जपानमधे स्टेम सेलपासून, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या पेशीपासून, पिट्युटरीचा तुकडा बनवून त्यातून एसीटीएच (पिट्युटरीचंच आणखी एक हार्मोन) आणि ग्रोथ हार्मोन मिळवलंय, तो रस्ता बरा दिसतोय.

उंदरांचं म्हणाल तर जीएच ३ ही रॅटच्या (मोठ्या उंदराच्या) पिट्युटरी गाठीची लाईन १९६० च्या दशकापासून वापरात आहे आणि खूप कामाची आहे. पण तिची एकच पेशी ग्रोथ हार्मोन आणि प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन) दोन्ही बनवते, आणि ग्रोथ हार्मोन सोड असा मेंदूकडून येणारा निरोप घेणारा रिसेप्टरच तिच्यात नाही. मावशींसारख्या पेशंटसाठी औषध तपासायचं तर तेवढ्यावर कसं भागणार?

सहीचं टेन्शन घेऊ नका. नको वाटलं तर संमती मागे घेता येते, त्यामुळे उपचारात फरक पडत नाही.

आता ऑपरेशननंतर साधारण १२ आठवड्यांनी आयजीएफ १ ची (ग्रोथ हार्मोन किती आहे ते यावरून कळतं) ब्लड टेस्ट करायची असते, ती चुकवू नका, शुगर आणि बीपी पण बघून घ्या. बांगड्या लगेच जाणार नाहीत, हाताची सूज उतरते पण वाढलेलं हाड तसंच राहतं.