घाटात गाडी ओढत नाही, मग कॅमशाफ्ट बदलू का?

प्रश्न : नमस्कार, माझी जुनी टाटा २५१५ आहे, आत कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलेंडर १२ व्हॉल्व्ह इंजिन. कळंबोलीहून लोखंड भरून नाशिकला जातो. गेलं वर्षभर कसारा घाटात गाडी पूर्वीसारखी ओढत नाही आणि काळा धूर मारते. आता हेड उतरवायचंच आहे, टाइमिंग साइडपण उघडणार आहे. फिटर म्हणतो अमेरिकेतून अपग्रेड कॅमशाफ्ट मागवू, सोबत जाड पुशरॉड आणि हेवी स्प्रिंग. कोणता कॅम घेऊ? — एक वाचक, कळंबोली

उत्तर : दादा, कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, कोणता घ्यायचा ते सांगतो, पण आधी गाडी का ओढत नाही ते तर कळू दे. काळा धूर आणि ओढ कमी म्हणजे बहुतेक वेळा हवा कमी पडतेय नाहीतर डिझेल नीट फवारलं जात नाहीये. एअर फिल्टर, टर्बोपासून इनटेकपर्यंतचे होज, नोझल, बॅक कॉम्प्रेशन (पिस्टनच्या बाजूने खाली गळणारा गॅस) हे सगळं आधी बघून घ्या, यातलं काही निघालं तर नवा कॅम टाकूनपण घाट तसाच राहणार आणि पैसे गेले ते गेले. आणि इंजिन खोलायच्या आधी एक काम फिटरकडून नक्की करून घ्या : रॉकर बाजूला करून प्रत्येक पुशरॉडवर, म्हणजे कॅमचा धक्का वर रॉकरपर्यंत नेणाऱ्या सळईवर, डायल गेज लावायचं, इंजिन हाताने फिरवायचं आणि ती सळई किती उचलली जाते ते लिहून काढायचं. सहाही इनटेक एकमेकांशी जुळले पाहिजेत, सहाही एक्झॉस्ट एकमेकांशी. एखादा मागे पडला तर समजा त्या जागी कॅमचा लोब, म्हणजे त्यावरचा उंचवटा, झिजलाय, मग कॅम बदलणं हा हौसेचा विषयच राहत नाही.

आता त्या अमेरिकन किटचं. हेच ५.९ घराण्याचं इंजिन तिकडे १९८९ पासून डॉज रॅम पिकअपमध्ये आलं, म्हणून त्याला एवढे कॅम मिळतात. पण त्यातले बरेचसे कॅम रिकामी गाडी तीन हजार आरपीएमच्या वर पळवणाऱ्यांसाठी कापलेले असतात हो, आणि तुमची गाडी भरलेल्या मालासकट पंधराशेच्या आसपास घाट चढते! कॅमचं ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ, मोठं असलं की इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, कमी आरपीएमला पिस्टन वर येताना आत घेतलेली थोडी हवा परत बाहेर ढकलतो, मग कॉम्प्रेशन पडतं, सकाळी स्टार्टिंग जड होतं आणि नेमकी घाटातच गाडी मरगळते. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, तोही कमीच हवा, कारण लोडवर टर्बोच्या आधीचं एक्झॉस्टचं प्रेशर बऱ्याचदा बूस्टपेक्षा, म्हणजे टर्बो आत ढकलतो त्या हवेच्या प्रेशरपेक्षा, जास्त असतं आणि तसं झालं की जळालेला गॅस उलटा सिलेंडरमध्ये शिरतो. म्हणून विकणाऱ्याला लिफ्ट किती, म्हणजे व्हॉल्व्ह किती उचलला जातो, हे विचारत बसू नका, इनटेक किती डिग्रीला बंद होतो आणि कॅम कुठल्या आरपीएमसाठी कापलाय ते विचारा. सांगता आलं नाही तर घेऊ नका. तुमच्या कामाला माझं मत स्पष्ट आहे, कंपनीच्या मापाचा नवा कॅम, फारतर लोड ओढण्यासाठीच केलेला सौम्य कॅम, बस.

कॅम कुठलाही घ्या, टॅपेट, म्हणजे लोब आणि पुशरॉडच्या मधले तुकडे, बाराच्या बारा नवीनच. मी हे कळकळीने सांगतोय, कारण कुर्ल्याला एका गाडीत मी स्वतः नव्या कॅमवर जुने टॅपेट चालवून घेतले होते, बघायला चकचकीत होते म्हणून. काही दिवसांनी ऑइल फिल्टर कापून उघडला तर कागदाच्या घड्यांत चंदेरी चुरा भरलेला, आणि दोन लोब सपाट झालेले. मालकाचा सगळा खर्च दुसऱ्यांदा झाला, ते अजून मनाला लागून आहे. या इंजिनात टॅपेट रोलरचे नसतात, सपाट तळाचे असतात, ते लोबवर घासतानाच स्वतःभोवती फिरतात आणि म्हणूनच टिकतात. जुना टॅपेट जुन्या लोबच्या घासाप्रमाणे बसलेला असतो, तो नव्यावर नीट फिरत नाही.

हे टॅपेट खालून छत्रीसारखे रुंद आहेत, वरून निघत नाहीत. त्यामुळे इंजिन गाडीतच ठेवून काम करताना लाकडी दांड्या टॅपेटमध्ये ठोकून ते वर धरून ठेवतात, मग कॅम पुढून ओढून काढतात. कॅमच्या रिकाम्या भोकात पीव्हीसीचा पाइप उभा अर्धा कापून पन्हळीसारखा सरकवतात आणि एकेक टॅपेट त्यात सोडून बाहेर घेतात. तुमच्या फिटरला ही पद्धत माहीत आहे का ते विचारा, नाहीतर टॅपेट खाली ऑइल चेंबरमध्ये पडला की काम दुप्पट.

स्प्रिंगवर मात्र खर्च करा. घाट उतरताना एक्झॉस्ट ब्रेक लावला की मागचं प्रेशर एक्झॉस्ट व्हॉल्व्हला सीटवरून उचलायला बघतं, स्प्रिंग थकलेली असेल तर तो नीट बसत नाही. थोडी कडक स्प्रिंग इथे खरंच कामाची. पण उगाच खूप कडक घेतली तर लोबवरच भार वाढतो. पुशरॉड सरळ असतील तर जाड घ्यायची गरज नाही, काचेवर लोळवून बघा, वाकलेला लगेच थडथडतो.

हेडला फेस मारणार, म्हणजे त्याचा तळ घासून सपाट करणार असाल तर व्हॉल्व्ह पिस्टनच्या आणखी जवळ येतात, डिझेलमध्ये तिथे जागा मुळातच कमी. पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली माती चिकटवून, हेड तात्पुरतं आवळून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवा आणि मातीत किती जाडी उरली ते मोजा. टाइमिंग कव्हर उघडलंच आहे तर गिअर केसमधली छोटी लोकेटिंग डॉवेल पिनपण बघा, जुन्या १२ व्हॉल्व्ह इंजिनात ती हळूहळू सरकून गिअरमध्ये पडू शकते. तिच्या तोंडावर पत्र्याची पट्टी बसवून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

पहिल्यांदा स्टार्ट करताना लोबला असेंब्ली पेस्ट लावलेली पाहिजे, आणि आयडलवर अजिबात सोडू नका. लगेच पंधराशे ते दोन हजारवर वीस-तीस मिनिटं चालवा, मग ऑइल-फिल्टर बदला. नंतर रॉकर कव्हर काढून पुशरॉडवर मार्करने रेघ मारा आणि इंजिन चालू करून बघा, रेघ फिरताना दिसली पाहिजे. जो पुशरॉड फिरत नाही, तिथलं इंजिन त्याच दिवशी परत उघडा.

कायद्याचं एकच, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचे तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल चालत नाही. कंपनीच्या मापाचा कॅम टाकणं ही दुरुस्ती, ताकद वाढवायला पंपाचं डिझेल वाढवणं ही वेगळी गोष्ट, तिकडे जाऊ नका.

प्रश्न : माझंपण हेच १२ व्हॉल्व्ह ५.९ आहे. टॅपेट सेटिंग गरम इंजिनवर करावं की थंड, आणि फिलर गेज किती? — एक वाचक, भिवंडी

उत्तर : थंड. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी करा. रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट इनटेकला दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) म्हणजे ०.२५ मिमी, एक्झॉस्टला वीस थाऊ म्हणजे ०.५१ मिमी. फिलर गेजची पत्ती हलकीशी अडत सरकली पाहिजे. नट आवळल्यावर परत एकदा पत्ती घालून बघा, आवळताना स्क्रू फिरतो आणि माप बदलतं.