वाचकांचे प्रश्न : अल्माटीच्या डोंगराकडे बघून दिवस ठरवावा

प्रश्न : आमची मुलगी कझाकस्तानात अल्माटी येथे वैद्यकीय शिक्षण घेत आहे. मी, माझी पत्नी आणि माझ्या ७१ वर्षांच्या आई असे तिघे आठ दिवसांसाठी तिच्याकडे जाण्याच्या विचारात आहोत. आईंना बर्फ पाहायचा आहे, म्हणून डिसेंबर बरा की मे महिना, हे ठरत नाही. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. (एक वाचक, लातूर)

उत्तर : आपण मे महिन्याच्या उत्तरार्धात जावे. बर्फ म्हटले की डिसेंबर डोळ्यांपुढे येतो, पण या शहराची गोष्ट थोडी वेगळी आहे. अल्माटी हे तिएन शान पर्वतरांगेच्या उत्तर उतारावर, इले अलाताऊ या शाखेच्या अगदी पायथ्याशी वसलेले, वीस लाखांहून अधिक वस्तीचे शहर आहे. जवळचे तालगर शिखर जवळजवळ ५,००० मीटर उंचीचे आहे. हिवाळ्यात मात्र थंड हवा या पायथ्याच्या खोलगट भागात अडकून राहते आणि वर उबदार हवेचे झाकण बसते. कोळशावर चालणाऱ्या वीज व उष्णता केंद्रांचा, घरोघरच्या शेगड्यांचा आणि वाहनांचा धूर त्याखाली कोंडतो. परिणामी हजारो मैल जाऊन आलेला पाहुणा खिडकीशी उभा राहतो आणि त्याला समोरची इमारतही धुरकट दिसते, डोंगर तर नाहीच. शिवाय जानेवारीत सरासरी तापमान शून्याखाली असते आणि डिसेंबरात सूर्य साडेचारच्या आधीच मावळतो, कारण १ मार्च २०२४ पासून संपूर्ण कझाकस्तानात एकच प्रमाणवेळ लागू झाली असून तेथील घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे असते.

मे महिन्यात खाली शहरात झाडे हिरवीगार असतात आणि वरच्या कड्यांवर बर्फ टिकून असतो. दुपारी पावसाची सर येते, म्हणून छत्री जवळ असावी आणि डोंगरातला कार्यक्रम सकाळी उरकावा. आठ दिवसांचे वेळापत्रक घरूनच तासवार आखून नेऊ नये, ही माझी आग्रहाची सूचना आहे. या शहरात रस्ते डोंगराच्या बाजूला चढतात, म्हणजे दक्षिणेला, आणि तेथील लोक दिशाही ‘वर’ आणि ‘खाली’ अशाच सांगतात. सकाळी उठल्यावर ‘वर’ पाहावे, शिखरे स्वच्छ दिसली तर त्याच दिवशी निघावे, आणि ढगाळ असेल तर बाजार, उद्याने, संग्रहालये यांच्यासाठी तो दिवस खर्च करावा.

स्वच्छ दिवशी प्रथम मेदेऊला जावे. हॉटेल कझाकस्तानजवळून १२ क्रमांकाची बस तेथे जाते. आपल्याबरोबर वयस्कर माणूस असल्याने मोबाइलवरून टॅक्सी बोलावणे सोयीचे पडेल. मेदेऊचे बर्फावरील स्केटिंगचे मैदान १,६९१ मीटरवर आहे. त्याच्यावरचा प्रचंड बंधारा पाण्यासाठी नाही, तर डोंगरातून येणाऱ्या चिखलाच्या लोंढ्यासाठी आहे. १९२१ मध्ये अशाच एका लोंढ्याने शहराची मोठी हानी केली होती, आणि १९७३ मध्ये आलेला लोंढा या बंधाऱ्याने अडवला. बंधाऱ्यावर जाणाऱ्या पायऱ्या ८४२ आहेत. आईंनी त्या खालूनच पाहाव्यात.

मेदेऊहून रोपवेने शिंबुलाक या बर्फावरील स्कीइंगच्या केंद्राला जाता येते, ते २,२६० मीटरवर आहे, आणि तेथून पुढच्या टप्प्यांनी सुमारे ३,२०० मीटरवरील तालगर खिंडीपर्यंत पोहोचता येते. बर्फाला हात लावायचा तर मे महिन्यात या वरच्या टप्प्यावर जावे लागेल. लातूरपासून तुलना केली तर ही चढाई लहान नाही, आणि ती एका सकाळीच होते. आईंना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असल्यास निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना नेमकी उंची सांगून विचारावे. शंका असल्यास त्यांनी शिंबुलाकच्या उपाहारगृहात बसून चहा घ्यावा, तेथूनही हिमशिखरे समोरच दिसतात. वर गेलेल्यांनी घाईने चालू नये, डोके जड वाटू लागताच खाली यावे. मे असला तरी स्वेटर, कानटोपी आणि काळा चष्मा हवाच.

जेवणाचा प्रश्न तुम्हाला वाटतो त्याहून सोपा आणि एका बाबतीत अवघड आहे. तेथील पारंपरिक ताटात मटण आणि घोड्याचे मांस असते. ग्रीन बाजारात घोड्याच्या मांसाचे सॉसेज उघड्यावर टांगलेले दिसतात, त्यामुळे आईंना त्या गल्लीतून नेऊ नये. त्याच बाजारात तंदूरची गरम रोटी, सुका मेवा, चेरी आणि कोरियन पद्धतीचे गाजराचे तिखट सलाड मिळते. १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीत अतिपूर्वेकडून बळजबरीने हलवलेल्या कोरियन कुटुंबांनी ही चव मध्य आशियात रुजवली. रशियनमध्ये ‘बेझ म्यासा’ म्हणजे ‘मांसाशिवाय’, एवढे शब्द पाठ करावेत. तरी सूप मांसाच्या पाण्यात शिजवलेले नाही ना, हे मुलीकडून विचारून घ्यावे. घरून थोडे थालिपीठाचे भाजणीपीठ आणि लोणचे नेल्यास मुलीलाही आवडेल.

व्हिसाबाबत : जुलै २०२२ पासून भारतीय नागरिकांना १४ दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी व्हिसा लागत नाही, आपला आठ दिवसांचा बेत त्यात बसतो.

प्रश्न : चारिन दरी, कोलसाई सरोवरे आणि काईन्दी सरोवर हे एकाच दिवसात पाहता येईल, असे एका जाहिरातीत म्हटले आहे. हे शक्य आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : गाडीतून पाहणे शक्य आहे. चारिन दरी अल्माटीपासून सुमारे २०० किलोमीटरवर आणि कोलसाई जवळजवळ ३०० किलोमीटरवर आहे. म्हणजे एका दिवसात सहाशे किलोमीटर, आणि काईन्दीचा शेवटचा रस्ता तर खडबडीत आहे. मी या सरोवरांजवळच्या साती गावात एक रात्र मुक्काम करण्यास सांगेन, तेथे गावकऱ्यांच्या घरी राहण्याची सोय असते. काईन्दीसाठी तरी ही रात्र काढावी : १९११ च्या मोठ्या भूकंपात दरड कोसळून ओढा अडला आणि हे सरोवर तयार झाले. पाण्यात बुडालेल्या सूचिपर्णी झाडांची खोडे आजही भाल्यांसारखे उभे आहेत. त्याच भूकंपात अल्माटीतील १९०७ साली पूर्ण झालेले लाकडी स्वर्गारोहण कॅथेड्रल मात्र तगले, तेही पानफिलोव्ह उद्यानात पाहून घ्यावे.

प्रश्न : आरोग्यसेविकेच्या प्रशिक्षणात आम्हाला ‘आल्मा-आता घोषणापत्र’ शिकवले होते. ते याच गावाचे का? (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : होय. अल्माटीचे १९२१ ते १९९३ या काळात आल्मा-आता हेच नाव होते. कझाक भाषेत ‘आल्मा’ म्हणजे सफरचंद, आणि आपण खातो त्या सफरचंदाचा रानटी पूर्वज या डोंगररानात आढळतो. सप्टेंबर १९७८ मध्ये येथे भरलेल्या परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचे ते घोषणापत्र मंजूर झाले. आपल्या जिल्ह्यातील जामखेडचा डॉ. आरोळे दांपत्याचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प त्याआधी, १९७५ साली, जागतिक आरोग्य संघटनेने जगापुढे मांडलेल्या उदाहरणांत होता. ही परिषद तेव्हाच्या लेनिन प्रासादात झाली, त्याला आज प्रजासत्ताक प्रासाद म्हणतात. कोक-तोबे टेकडीवर जाणाऱ्या रोपवेचे खालचे स्थानक त्याच्या शेजारीच असल्याने, प्रासाद पाहण्यासाठी वेगळा दिवस काढावा लागणार नाही.