डीपीएफचा दिवा लागतोय आणि ऑइल वाढतंय

प्रश्न: नमस्कार सर, आमची सात सीटर डिझेल एसयूव्ही आहे, घेताना सगळे म्हणाले डोळे झाकून घ्या. दोन वर्षं झाली, आता डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडकवणाऱ्या फिल्टरचा, पिवळा दिवा सारखा लागतोय. गाडी रोज मुलांची शाळा आणि ऑफिस एवढीच फिरते, चार-पाच किलोमीटर. वर्कशॉपवाले म्हणतात फिल्टरच बदला. आणि डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल कमी व्हायचं सोडून वर चढलंय, हे काय गौडबंगाल आहे?

उत्तर: फिल्टर बदलायची घाई अजिबात करू नका, आधी ते ऑइल बघा. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच दिसतंय. डीपीएफमध्ये इंजिनची काजळी अडकते आणि साधारण 600 अंशाला जळून जाते, त्याला रिजनरेशन म्हणतात. तेवढी उष्णता यावी म्हणून बऱ्याच गाड्यांत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सिलिंडरमध्येच थोडं जास्तीचं डिझेल मारतो, आणि तुम्ही चार किलोमीटरवर गाडी बंद केली की काजळी तशीच राहते, परत सुरू, परत अर्धवट, आणि न जळलेलं डिझेल पिस्टन रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरत राहतं. वाढलंय ते ऑइल नाही हो, डिझेल आहे.

सपाट जागी गाडी थंड असताना डिपस्टिक पुसून परत घाला, थेंब बोटांत चोळून बघा. पातळ लागला, डिझेलचा वास आला किंवा लेव्हल मॅक्सच्या वर असली तर ऑइल आधी बदला, तोवर गाडी पळवू नका. असल्या ऑइलवर टर्बोची आणि क्रँकची बेअरिंगं खराब होतात. नवीन ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या लो-अ‍ॅश ग्रेडचंच घ्या, कारण काजळी जळते पण ऑइलची राख जळत नाही, ती फिल्टरच्या जाळीत कायमची बसते.

मग एकदा हायवेला 20-25 मिनिटं एकसारख्या स्पीडने, 2000 आरपीएमच्या आसपास चालवा. बऱ्याचदा दिवा तेवढ्यानेच जातो. नाही गेला तर स्कॅनर लावून फोर्स्ड रिजनरेशन करून घ्या, सोबत ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप), टर्बोचे होज आणि प्रेशर सेन्सरच्या बारीक नळ्या तपासायला सांगा, त्यातलं काही बिघडलं असेल तर नवा फिल्टरही असाच भरेल. गाडी उभी करताना आयडलिंग (उभ्या गाडीतला इंजिनचा आरपीएम) नेहमीपेक्षा जास्त असेल, फॅन जोरात चालू असेल तर रिजनरेशन चालू असू शकतं, शक्य असेल तर अजून एक फेरी मारून मगच बंद करा.

कुणी फिल्टर काढून दिवा लागू नये म्हणून सॉफ्टवेअर बदलून देतो म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा, ती काजळी मग तुमच्याच मुलांच्या नाकात जाणार. आणि रोजचं जाणं एवढंच राहणार असेल तर पुढची गाडी पेट्रोल किंवा हायब्रिड बघा, खरं तर हे तुम्हाला गाडी विकतानाच कुणीतरी सांगायला हवं होतं.